मुंबईत घडणारी जादूची कादंबरी: लिहू पाहणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुमारवयीन वाचकांसाठी लिहिणाऱ्यांची हस्तलिखितं मी वाचते, त्यावर त्यांच्याशी बोलते. लिहिणारे कधी सतरा वर्षांचे असतात, कधी पन्नाशीचे. प्रश्न मात्र बरेचसे तेच येतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला किंवा मुलाला अचानक काहीतरी अचाट करता यायला लागलंय, ती डोंबिवली फास्टच्या दारात उभी आहे, आणि पुढे काय लिहायचं ते सुचत नाहीये. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथेच बहुतेकांची गाडी अडते.

बालकादंबरी आणि कुमार कादंबरी यांत नेमका फरक काय?

साधारण तेरा ते अठरा वर्षांचा वाचक डोळ्यांसमोर ठेवा. बालकथेत मूल साहस करून घरी येतं आणि घर होतं तसंच असतं. कुमार कादंबरीत घरी आल्यावर घरच वेगळं दिसायला लागतं. बाबा किती थकलेत ते दिसतं, आई कशाला घाबरते ते कळतं, आजीने कोणती गोष्ट अर्धीच सांगितली होती ते लक्षात येतं. नायिकेचं वय पंधरा लिहिलं म्हणून कादंबरी कुमारांची होत नाही.

फँटसी हा प्रकार बाहेरचा आहे ना? मराठीत ती उसनी नाही का वाटणार?

पैठणच्या सातवाहन राजाच्या दरबारातल्या गुणाढ्याची कथा ऐकली असेल. त्याने पैशाची भाषेत सात लाख श्लोकांची ‘बृहत्कथा’ रचली. राजाने ती भाषा हलकी म्हणून झिडकारली. मग गुणाढ्य रानात बसून पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवू लागला आणि वाचून झालेलं पान आगीत टाकू लागला. जनावरं चरणं सोडून ऐकत उभी राहिली. राजाला हे कळून तो धावत आला तोवर सहा लाख श्लोक जळाले होते, उरले एक लाख. ही आख्यायिका अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त येते, आणि आपल्याला माहीत असलेल्या वेताळाच्या गोष्टीही त्याच ग्रंथात आहेत. विद्याधर, यक्ष, उडणारी नगरं, बोलणारी प्रेतं, शापाने बदललेली रूपं, हे सगळं या मातीत फार जुनं आहे.

उसनं वाटतं ते वेगळ्याच कारणाने. धुकं, किल्लेवजा शाळा, झगे, घुबडं, शेकोट्या या वस्तू आपण तशाच उचलून आणतो. मुंबईत ऑक्टोबरच्या उन्हात झगा घालून कुणी फिरत नाही. वस्तू बदला, भीड आपोआप जाईल.

जादूवर लिहिणं म्हणजे अंधश्रद्धा पसरवणं नाही का? घरचे आणि शिक्षक हेच विचारतात.

विचारतात ते बरोबरच आहे. या प्रश्नाला महाराष्ट्रात रक्ताची किंमत मोजली गेली आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. त्या कायद्याचा रोख कल्पित गोष्टींवर नाही. अंगात दैवी शक्ती आहे असं भासवून फसवणारे, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणारे, साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणारे, एखाद्या व्यक्तीवर करणी केल्याचा आळ घेऊन तिचा छळ करणारे, अशांवर तो आहे. कादंबरी लिहायला कायद्याची आडकाठी नाही.

पण कायदा आड येत नाही म्हणजे लेखकाची जबाबदारी संपली असं होत नाही. हस्तलिखित वाचताना मी काही जागा मुद्दाम तपासते. खरा आजार जादूने बरा होतोय का? कावीळ, फिट येणं, नैराश्य यांवर मंत्र चालला असं तुम्ही लिहिलंत तर कुठला तरी वाचक ते घरच्या माणसाला लावून बघेल. म्हणून आजार डॉक्टरांकडेच राहू द्या. वाड्याच्या टोकाला एकटी राहणारी म्हातारी विधवा खरंच चेटकीण निघते का? असं लिहू नका, कळकळीने सांगते. चेटकीण ठरवून मारलेल्या बायका खऱ्या आहेत. त्यांच्यावर ज्या गोष्टीचा आळ घेतला गेला, ती आपल्या कादंबरीने खरी ठरवायची नाही. आणि एखादा बुवा जे सांगतो ते शेवटी खरं ठरतं का? तसं असेल तर कथेचा कणा बदला.

याउलट काय करता येतं ते पाहा. तुमच्या नायिकेला चिकित्सक बनवा. तिने वही घालावी: कधी घडलं, किती वेळ टिकलं, उपाशी असताना घडतं की जेवल्यावर, दुसऱ्या कुणाला दिसलं का. विज्ञानाच्या बाईंना तिने बिचकत विचारावं आणि बाईंनी तिला हसून न उडवता म्हणावं, ‘अगं, मोजून बघ ना.’ तपासता येणारी, प्रश्न विचारू देणारी जादू ही आपल्या सुधारकांच्या परंपरेला साजेशी जादू आहे. अशी कादंबरी मराठीतच लिहिली जाऊ शकते, असं मला मनापासून वाटतं.

जादूचे नियम कसे ठरवायचे?

शहराकडे बघून ठरवा. मुंबई मुळात सात बेटांची: कुलाबा, छोटा कुलाबा, मुंबई, माझगाव, वरळी, परळ, माहीम. मधल्या खाड्या आणि दलदली बुजवून हे शहर जोडलं गेलं. अठराव्या शतकात हॉर्नबी वेलार्ड या बांधाने वरळीची खाडी अडवली आणि भराव घालणं तेव्हापासून थांबलेलं नाही. पण अडवलेलं पाणी नाहीसं होत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मिठी नदीकाठच्या वस्त्यांना ते कळलं. तुमच्या वाचकांच्या आईबाबांना तो दिवस विचारा. प्रत्येकाकडे त्या रात्रीची एक चालत घरी आल्याची गोष्ट असते.

आता समजा, तुमच्या मुलीला पाणी मागे सारता येतं. दादरजवळचा हिंदमाता चौक तुंबलाय, तिच्या इमारतीच्या जिन्यापर्यंत पाणी आलंय, तिने हात पुढे केला आणि पाणी ओसरलं. सगळे वाचले. इथे नवा लेखक प्रकरण संपवतो. मी विचारते, ते पाणी गेलं कुठे? पलीकडच्या गल्लीतल्या तळमजल्यावर, जिथे तिची मैत्रीण राहते, जिची दहावीची पुस्तकं जमिनीवरच्या पेटीत होती. या क्षणी तुमची कादंबरी सुरू होते.

माझ्या मते या प्रकारच्या कादंबरीचं सार एवढंच आहे: शक्ती मिळाल्याने कुणी मोठं होत नाही, त्या शक्तीची किंमत कोण मोजतंय हे कळायला लागलं की मोठं होतं. लहान मुलाला वाटतं की डबा आपोआप भरतो. पंधराव्या वर्षी कधीतरी दिसतं की त्यासाठी आई पहाटे साडेचारला उठते. जादूचा नियमही तसाच हवा. दर वेळी काहीतरी कुठूनतरी कमी होतं, आणि ते कुणाचं कमी होतं हे नायिकेला आधी माहीत नसतं.

किंमत ठरवताना ‘दर वेळी तिचं आयुष्य एका दिवसाने कमी होतं’ असलं काही नको. सोळाव्या वर्षी मरण फार लांबचं वाटतं, त्यामुळे वाचकाला त्याची झळ लागत नाही. मैत्रीण बोलेनाशी होणं, धाकट्या भावाची झोप उडणं, आजीच्या तोंडची ओवी तिला आठवेनाशी होणं, यांची झळ लागते.

आमची खोली दहा बाय बाराची. इतक्या माणसांत जादू लपवायची कुठे?

हा मला सगळ्यात आवडणारा प्रश्न आहे, कारण मुंबईची कादंबरी इथेच इतर शहरांहून वेगळी होते. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तिच्यात चार-पाच माणसं, एक मोरी, एक पोटमाळा, आणि दिवसभर उघडं दार. गॅलरीतून जाणारा प्रत्येक जण आत डोकावतो. पाणी येण्याची वेळ ठरलेली, त्यामुळे सगळी चाळ एकाच वेळी जागी. संडासाला जायचं तरी टमरेल घेऊन सगळ्यांसमोरून जायचं. अशा ठिकाणी मुलीला वेगळी खोलीच नाही, तर कपाटामागचं गुप्त दार कुठून येणार?

ही अडचण म्हणजे तुमचं भांडवल. लपवण्याच्या धडपडीत कथानक आहे. पोटमाळ्यावर ट्रंकांच्या मागे दोन फुटांची फट असते, गच्चीवर टाकीच्या सावलीचा कोपरा असतो. वरळीला ‘अभ्यास गल्ली’ म्हणून ओळखला जाणारा रस्ता आहे, तिथे पिढ्यान्‌पिढ्या चाळीतली मुलं रस्त्याच्या दिव्याखाली वाचत बसत आली आहेत. जादू शिकणारी मुलगी तिथे बसली तर कुणाला काही वाटणार नाही, सगळे म्हणतील पोरगी अभ्यास करतेय. रात्री साधारण एक ते चार या वेळात लोकल बंद असतात, शहराचा आवाज तेवढाच काय तो कमी होतो. रविवारी रुळांच्या दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो आणि रुळांचा काही भाग तासन्‌तास रिकामा पडतो. तुमच्या गुप्त मंडळींची भेट मेगाब्लॉकलाच होत असेल तर मुंबईचा वाचक पटकन मान डोलावेल.

आणि चाळीत गुपित फार दिवस टिकत नाही, हेही लिहा. शेजारच्या काकूंना पहिल्या आठवड्यातच संशय येतो. त्या आईला सांगतात की गप्प बसतात, यावर एक अख्खं प्रकरण उभं राहू शकतं.

आईवडिलांना कथेतून बाजूला कसं करायचं? सगळ्या गोष्टींत नायक अनाथच असतो.

करू नका. आपल्याकडे पंधरा वर्षांची मुलं आईवडिलांबरोबरच राहतात, आणि त्यांच्या मोठं होण्यातली निम्मी झटापट घरातच चालते. वडील शिफ्टला, आई पोळीभाजी केंद्रात, आजोबा घरीच. आजोबा गिरणी कामगार असतील तर जानेवारी १९८२ चा संप त्यांच्या आयुष्याच्या मध्यावर उभा आहे. सुमारे अडीच लाख कामगार त्या संपात उतरले आणि गिरणगाव पुन्हा पहिल्यासारखं कधी झालं नाही. हाताला काम असलेला माणूस एका वर्षात बिनकामाचा झाला, ही गोष्ट आजोबांनी नातीला कधीच सांगितलेली नसते. नातीच्या हातात काहीतरी जागं झालंय आणि आजोबांचे हात चाळीस वर्षं रिकामे आहेत. या दोघांना एका दुपारी एका खोलीत बसवा आणि लिहा. अनाथ करण्याची गरजच पडणार नाही.

मुंबईतल्या कोणत्या जागा कादंबरीला शोभतील?

एकच जागा निवडा आणि तिथे वेगवेगळ्या वेळी जाऊन बसा. दहा जागांची सहल काढणारी कादंबरी पर्यटनाची पुस्तिका होते. तरी काही सुचवते.

बाणगंगा: वाळकेश्वरला समुद्र हाकेच्या अंतरावर असताना गोड्या पाण्याचा झरा. रामाने बाण मारून पाणी काढलं अशी कथा आहे. पायऱ्यांवर बसलं की दगडांतून, घंटांतून, कपडे धुण्याच्या आवाजातून शहर जुनं व्हायला लागतं. जिथे खारं असायला हवं तिथे गोडं आहे, एवढ्यावरही एक कथा उभी राहील.

अंधेरीचा गिल्बर्ट हिल हा सुमारे दोनशे फूट उंच काळ्या बसाल्टचा सुळका आहे. लाव्हा थिजून त्याचे उभे खांब झाले, त्याला सहा कोटींहून अधिक वर्षं झाली. वर गावदेवीचं देऊळ, चहूबाजूंनी इमारती. डायनॉसॉरांच्या शेवटच्या काळातला दगड रोज कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो, यावर अजून कुणी मनाजोगतं लिहिलेलं माझ्या वाचनात आलेलं नाही.

हाजी अलीच्या दर्ग्याला जाणारी वाट भरतीच्या वेळी पाण्याखाली जाते. जादूचं वेळापत्रक आयतं तयार आहे, फक्त भरती-ओहोटीचा तक्ता बघून लिहा. पौर्णिमा-अमावस्येला उधाण म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या आसपास भांग म्हणजे सौम्य भरती. हे चुकलं तर कोळीवाड्यातला वाचक पहिल्याच प्रकरणात पुस्तक मिटेल.

मला स्वतःला सर्वांत जास्त ओढ आहे ती गोदीची. १४ एप्रिल १९४४ च्या दुपारी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागून स्फोट झाले. जहाजावर दारूगोळा, कापूस आणि सोन्याच्या विटा होत्या. शेकडो माणसं गेली, जळता कापूस आणि लोखंडाचे तुकडे वस्त्यांवर पडले, सोन्याच्या विटा पार लांब उडाल्या. काही विटा पुढे कित्येक वर्षांनी गोदीतला गाळ काढताना सापडल्या. आकाशातून सोनं आणि आग एकाच वेळी पडली, तेही खऱ्याखुऱ्या मुंबईत. पण तिथे मेलेली माणसंही खरी होती. त्या दिवसाला जादूचं कारण चिकटवू नका. स्फोट माणसांच्या हलगर्जीने आणि युद्धाने झाला, तो तसाच राहू द्या. तुमची जादू त्यानंतर सुरू होऊ दे: गाळात राहिलेल्या एखाद्या विटेपासून, किंवा त्या दुपारी घरी न आलेल्या पणजोबांपासून.

शिवडीच्या चिखलात हिवाळ्यात येणारे रोहित आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरीची लेणी यांच्याबद्दल पुष्कळ जण लिहितात. कान्हेरीला गेलात तर मूर्तींबरोबर खडकात कोरलेली पाण्याची टाकीही बघा. शंभराहून जास्त लेण्यांत राहणाऱ्यांनी पावसाचं पाणी कसं साठवलं ते पाहिलं की मंत्रतंत्राहून मोठं काही दिसेल.

खऱ्या देवता पात्र म्हणून घ्याव्यात का?

माझं मत नकाराकडे झुकतं. मुंबादेवी, एकवीरा, महालक्ष्मी यांच्यापुढे रोज खरी माणसं खरी दुःखं घेऊन उभी राहतात. त्यांच्या तोंडी आपण रचलेले संवाद घालायची घाई नको. दंतकथेचा मात्र जरूर उपयोग करा. वेलार्डचं बांधकाम पुन्हा पुन्हा ढासळत होतं, मग ते काम पाहणाऱ्या रामजी शिवजी यांना स्वप्नात देवीने समुद्रातल्या मूर्ती बाहेर काढायला सांगितलं, मूर्ती मिळाल्या आणि बांध टिकला, अशी महालक्ष्मीची कथा सांगतात. बांध घालताना समुद्राशी काही बोलणी झाली होती, ही कल्पना विलक्षण आहे. ती बोलणी कुणी मोडली, हा प्रश्न देवीला पडद्यावर न आणताही कादंबरीभर चालवता येतो. साती आसरा, मुंजा, चकवा, वेताळ ही मंडळी लोककथेची आहेत, त्यांच्याशी थोडी जास्त मोकळीक घेता येते.

मी कोळी नाही, वारली नाही. त्यांच्यातली नायिका लिहू शकतो का?

लिहू शकता, पण आधी बसून ऐका. कोळीवाड्याला नुसतं नारळी पौर्णिमेला जाऊन भागत नाही. जून आणि जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा जा. होड्या वर ओढलेल्या असतात, जाळी विणायचं काम चालू असतं आणि माणसांना बोलायला वेळ असतो. मासे विकणाऱ्या मावशींची बोलण्याची ढब, पैशांचा हिशेब, किनाऱ्यालगत नवं बांधकाम आलं की होडी कुठून काढायची याची चिंता, हे ऐकल्याशिवाय नायिका तयार होत नाही.

आणि एक सवय टाळा. राष्ट्रीय उद्यानातल्या किंवा आरेच्या पाड्यावरचे वारली आजोबा कथेत येतात, शहरी मुलाला एक गूढ वाक्य सांगतात आणि निघून जातात. वाघोबाला मानणारी, बिबट्याच्या वाटेवर राहणारी ही माणसं वीजबिल भरतात, त्यांची नातवंडंही बारावीला असतात. पाड्यावरच्या मुलीलाच नायिका केलंत तर शहर तिच्या नजरेतून दिसेल, आणि ते चित्र आपल्याला अजून पुरेसं मिळालेलं नाही.

संवाद प्रमाण मराठीत लिहू की बोलीत? मंत्रांची भाषा कोणती?

घरात मालवणी, वर्गात प्रमाण, मैदानात हिंदी मिसळलेली मराठी, व्हॉट्सअ‍ॅपवर आणखी काही. मुंबईचं पोर दिवसातून चार वेळा भाषा बदलतं. तसंच लिहा. निवेदन साधं ठेवा म्हणजे संवादांना मोकळं बोलता येईल.

मंत्रांसाठी संस्कृत वाटणारे शब्द जुळवू नका, ते ऐकायला पोकळ लागतात. आपल्याकडे ओवी आहे, उखाणा आहे, हुमाण म्हणजे कोडं आहे, भोंडल्याची गाणी आहेत, बडबडगीतं आहेत. शाळेतल्या मुली बाकावर ‘च’च्या भाषेत बोलतात आणि शेजारच्या बाकावरच्या मुलांना ओ की ठो कळत नाही. ती भाषा म्हणजे तयार गुप्त विद्याच आहे. उखाण्यात नाव घेतलं की ज्याचं नाव घेतलं तो बांधला जातो, असा नियम करून बघा. लग्नाच्या वयाचा दबाव, लाज, हौस सगळं त्या एका नियमात येईल.

पाळी, शरीर, प्रेम याबद्दल किती लिहावं?

वाचकाच्या आयुष्यात जितकं आहे तितकं. पहिली पाळी आली आणि शक्ती जागी झाली, ही जोडणी फार वापरली गेली आहे. करायचीच असेल तर तिच्यासोबत येणारी शिवाशिवही लिहा. देवघराला हात लावू नकोस असं सांगितलेल्या मुलीच्या हातातच शक्ती असेल तर ती काय करेल? तिथे कादंबरी धीट होऊ शकते. प्रेमाबद्दल एवढंच सांगेन, मंत्राने कुणाला आपल्याकडे वळवण्याचा प्रसंग आला तर तो गोड म्हणून लिहू नका. समोरच्याच्या मनावर जबरदस्ती झाली, हे नायिकेला लख्ख कळलं पाहिजे.

खलनायक कोण असावा?

ज्याला किंमत माहीत आहे आणि ती दुसऱ्याने मोजली तरी चालेल असं ज्याला वाटतं, तो. काळे कपडे आणि गडगडाटी हसू लागत नाही. चाळ पाडल्यावर तात्पुरतं म्हणून दिलेल्या संक्रमण शिबिरात माणसं वर्षानुवर्षं पडून असताना शांतपणे कागदावर सही करणारा कुणीही चालेल. खरी माणसं, खऱ्या कंपन्या घेऊ नका, कल्पित ठेवा. आणि त्याचा एक तरी युक्तिवाद नायिकेला खोडता येऊ नये.

मोबाइलमुळे सगळं रहस्यच संपतं, काय करू?

मोबाइल असू द्या. घरात एकच चांगला फोन आहे आणि तो दादाकडे असतो, एवढ्याने निम्मा प्रश्न सुटतो.

दहावी-बारावी मध्ये आणावी का?

आणल्याशिवाय मराठी वाचक विश्वास ठेवणार नाही. जगावर संकट आलं तरी क्लासची फी भरलेली असते. सराव परीक्षेच्या आदल्या रात्री तिला वरळीच्या खडकांवर जावं लागतंय, हा पेच राक्षसापेक्षा भारी पडतो.

शेवटी शक्ती काढून घ्यावी का?

बहुतेक जण काढून घेतात, म्हणजे सगळं पूर्ववत होतं आणि लेखक सुटतो. पण मोठं झालेलं माणूस पुन्हा लहान होत नाही. शक्ती राहू द्या, ती कधी वापरायची नाही हे तिला कळू द्या. किंवा ती कमी होऊन साध्या कौशल्यासारखी रोजच्या आयुष्यात मुरू द्या. तिने एकदा मुद्दाम पाणी अडवलं नाही, स्वतःच्या घरात येऊ दिलं, आणि मग सगळ्यांबरोबर बादल्या घेऊन उपसायला उभी राहिली, असा शेवट एका हस्तलिखितात वाचला होता. मला तो अजून आठवतो.

किती मोठी असावी? मालिका करू का?

पन्नास-साठ हजार शब्दांत पहिली गोष्ट पुरी करा. दुसऱ्या भागासाठी राखून ठेवलेलं रहस्य पहिल्या भागात बहुतेक वेळा भोक होऊन दिसतं.

लिहून झाल्यावर कुणाला दाखवू?

आधी पंधरा-सोळा वर्षांच्या, तुमच्या नात्यातल्या नसलेल्या दोन-तीन वाचकांना. ‘आवडली का’ असं विचारू नका, ती हो म्हणतात. गोष्ट सांगायला सांगा. जिथे ती अडखळतात, जे पात्र विसरतात, जिथे ‘मग काहीतरी जादू होते’ असं म्हणून पुढे जातात, त्या जागा लिहून घ्या. पुढचं काम तिथे आहे.

त्यानंतर मोठ्या वाचकांपैकी एक असा निवडा ज्याला फँटसी अजिबात रुचत नाही. घरातली माणसं खरी उतरलीत का, हे तोच सांगेल. प्रकाशकाकडे पाठवताना मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला असू द्या, सोबत दोन पानांचा सारांश द्या, आणि त्या सारांशात शेवट लपवू नका. संपादकाला शेवट आधी कळायला हवा असतो.